ट्यूबलाइट उतरवली, पण ठेवली कुठे?



गेल्या दहा वर्षांत आपल्या खान्देशच्या बाजारपेठांमध्ये एक बदल फारसा गाजावाजा न होता घडून आला आहे. जळगावचे फुले मार्केट घ्या, गोलाणी मार्केट घ्या, धुळ्याचा आग्रा रोड घ्या किंवा पाचकंदीलचा परिसर घ्या. दुकानाच्या छताला लटकणारी, बटण दाबल्यावर दोन-तीनदा डोळे मिचकावून मग पेटणारी ट्यूबलाइट बहुतेक ठिकाणांहून गेली आणि तिच्या जागी एलईडी आली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली, एलईडी बल्बचे भाव झपाट्याने उतरले, आणि घरात आलेला दिवा पाठोपाठ दुकानात व कारखान्यातही आला. धुळ्याच्या यंत्रमाग कारखान्यांतून काही ठिकाणी अजून जुन्या नळ्या जळताना दिसतात, पण त्यांचेही दिवस भरत आले आहेत.

या बदलात फायदा आहे, यात वाद नाही. हिशेब साधा आहे. जुनी जाड ट्यूब ४० वॅटची. तिच्याबरोबरचा तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो, म्हणजे एका पट्टीला ५० वॅटच्या वर वीज लागते. तेवढाच उजेड देणारी एलईडी ट्यूब २० वॅटची मिळते. एका पट्टीमागे ३० वॅटची बचत धरा. दुकान रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३,६०० तास. एका पट्टीमागे वर्षाला १०८ युनिट वाचले. युनिटचा दर ज्याने त्याने आपल्या बिलावर पाहावा. समजा १० रुपये पडतो, तर एका पट्टीमागे वर्षाला हजारावर रुपये झाले. ज्याचा माग दोन पाळ्यांत चालतो त्याने दुप्पट करावे. एलईडीची किंमत पहिल्याच वर्षात वसूल होते. एवढे गणित आता लहान पोरालाही पाठ झाले आहे.

माझा आजचा विषय तो नाही. उतरवलेल्या ट्यूबचे काय केले, हा प्रश्न मला विचारायचा आहे. मी स्वतः याचे उत्तर एकदा चुकीचे दिले आहे, म्हणून विचारतो.

आधी त्या नळीत काय असते ते पाहू. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते, थोडा आर्गॉन वायू भरलेला असतो आणि अगदी थोडा पारा असतो. उर्दूत आम्ही पाऱ्याला सीमाब म्हणतो, आणि एका नामवंत शायराने हे तखल्लुसही घेतले होते, कारण पारा एका जागी ठरत नाही. दोन्ही टोकांच्या तारा तापल्या की पाऱ्याची वाफ होते, विजेच्या प्रवाहाने त्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतून लावलेली पांढरी पूड ते किरण शोषून पांढरा उजेड देते. म्हणजे आपण ज्याला ट्यूबचा उजेड म्हणतो तो खरा त्या पुडीचा उजेड. ट्यूब जुनी होत जाते तसा बराचसा पारा त्या पुडीत व काचेत मुरत जातो. टोके काळी पडलेली, जळून गेलेली ट्यूब आपल्याला मेलेली वाटते, पण आतला पारा कुठे गेलेला नसतो.

पारा असतो तरी किती? अतिशयोक्ती करणे बरे नाही, म्हणून आकडा नीट समजून घ्यावा. अलीकडच्या चांगल्या बारीक नळीत व सीएफएलमध्ये पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असतो. जुन्या जाड नळ्यांत याच्या कित्येक पट असे. सरासरी दहा मिलिग्रॅम धरला तरी शंभर नळ्यांत एक ग्रॅम झाला, म्हणजे ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये असे तेवढा किंवा थोडा जास्तच. घरात एखादी ट्यूब फुटली म्हणून कोणी घाबरून दवाखान्यात धावायचे कारण नाही. पण एका मार्केटच्या दोनशे दुकानांनी प्रत्येकी वीस-तीस नळ्या एकाच हंगामात उतरवल्या आणि त्या एकाच उकिरड्यावर फुटल्या, तर तो हिशेब वेगळा होतो. आणि तिथे रोज बसून काम करणाऱ्याचा हिशेब त्याहून वेगळा होतो.

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. ती श्वासाबरोबर आत गेली की तिचा मोठा भाग रक्तात उतरतो आणि मेंदू, मज्जातंतू व मूत्रपिंड यांना इजा करतो. हात थरथरू लागतात, स्मरण कमी होते, माणूस चिडखोर होतो. पोटातल्या बाळाला आणि लहान मुलांना धोका अधिक. आपल्या कारागीर बंधूंना हे परके वाटू नये. युरोपात फेल्टच्या टोप्या बनविणारे कारागीर सशाचे केस पाऱ्याच्या क्षारात भिजवीत असत, आणि त्या धंद्यातल्या माणसांचे हात कापणे व डोके फिरणे ही ठरलेली गोष्ट होती. अमेरिकेत ही पद्धत १९४१ साली बंद करण्यात आली. सोन्याचा मुलामा देणारे जुने कारागीरही सोने पाऱ्यात विरघळवून ते भांड्यावर लावीत व मग पारा तापवून उडवून देत. उडून तो जायचा कुठे, तर त्याच खोलीत, त्याच छातीत.

आता माझी गोष्ट सांगतो.

२०१८ साली रमजानच्या आधी मी दुकानातल्या ४६ पट्ट्या बदलल्या. इलेक्ट्रिशियनने विचारले, “शेठ, जुना माल काय करू?” मी म्हटले, घेऊन जा. त्याने चोक घेतले, कारण त्यात तांबे. लोखंडी पट्ट्या भंगारवाल्याने घेतल्या. काच कोणीच घेतली नाही. ट्यूब जिन्याखाली उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्यांचा अडथळा होऊ लागला, तेव्हा मी नोकराला सांगून त्या मार्केटच्या मागे कचराकुंडीजवळ टाकायला लावल्या. माझ्या मते काम संपले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर दुकानाकडे येताना पाहिले, तर बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा तिथे बसून एकेक ट्यूब दगडावर आपटीत होता. नळी फुटताना फटाक्यासारखा आवाज होई व पांढरा धूर उठे. मी विचारले, “बेटा, याचे काय मिळते रे?” तो म्हणाला, “चाचा, दोन्ही टोकांच्या टोप्या निघतात ना, ॲल्युमिनियमच्या. काच इथेच सोडतो.” त्याचे हात, पापण्या, कपडे सगळे पिठाच्या गिरणीत काम केल्यासारखे पांढरे झाले होते. मला तेव्हा पुडीत काय असते ते माहीत नव्हते. मी त्याला काच लागेल, जपून कर, एवढेच सांगून पुढे गेलो.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती सांगायला जास्त जड जाते. एका ईदच्या गर्दीत छताची ट्यूब सुटून पांढऱ्या कापडाच्या उघड्या ताग्यावर पडून फुटली. आम्ही काच वेचली, तागा बाहेर नेऊन झटकला आणि कुर्त्यासाठी विकून टाकला. पुढे वाचनात आले की अशी पूड ज्या कपड्यावर थेट पडली तो कपडा धुवूनही वापरू नये, टाकून द्यावा. धुतल्याने पारा पाण्यात व इतर कपड्यांत जातो. मालातले ऐब गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. मला ते ऐब तेव्हा माहीत नव्हते, हे खरे. आज ज्याला माहीत झाले त्याला ही सबब राहिली नाही. तुमच्या दुकानात असे झाले तर ताग्याचे वरचे वेटोळे, जिथवर पूड पोचली तिथवर, कापून बांधून ठेवा आणि ते नुकसान सोसा.

हा सगळा कागदी धोका आहे असे कोणाला वाटत असेल तर दोन ठिकाणांची नावे लक्षात ठेवावीत. जपानमधील मिनामाटा या गावी एका रसायन कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्राच्या खाडीत जात होते. त्या सांडपाण्यातच पाऱ्याचे अधिक विषारी रूप होते, ते माशांत गेले, मासे माणसांनी खाल्ले. १९५६ साली तिथल्या रोगाची अधिकृत नोंद झाली. दुसरे ठिकाण आपल्याच देशातले, तामिळनाडूतील कोडाईकनाल. तिथे हिंदुस्तान लिव्हर कंपनीचा थर्मामीटरचा कारखाना होता. २००१ साली गावातल्या एका भंगाराच्या वखारीत पारा लागलेली फुटकी काच टनांनी सापडली आणि त्यातून सगळे प्रकरण उघडकीस आले. कारखाना त्याच वर्षी बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त माल व कचरा जहाजाने अमेरिकेत पाठवावा लागला, आणि ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. ट्यूबच्या कचऱ्याची तुलना कारखान्याशी होणार नाही, हे मी मान्य करतो. पण लक्षात घ्या, कोडाईकनालची गोष्ट भंगाराच्या वखारीपासून सुरू झाली. आपल्याकडे भंगाराचा धंदा कोण करतो? वखारीत वर्गवारी करायला कोणाच्या घरातली मुले व बाया बसतात? जळगाव काय, धुळे काय, हा धंदा मोठ्या प्रमाणात आपल्याच वस्त्यांत चालतो. आपण फेकलेला पारा फार लांब जात नाही. पावसाळ्यात धुळ्याचे नाले पांझरेला मिळतात, जळगावचे पाणी गिरणेकडे जाते, आणि दोन्ही नद्या शेवटी तापीत.

मिनामाटाच्या नावाने पाऱ्यावर एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आहे व भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ सालच्या त्याच्या बैठकीत असे ठरले की फ्लुरोसेंट नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. म्हणजे ज्यांचे अजून बदलायचे आहे त्यांनाही लवकरच बदलावे लागेल, आणि उतरलेल्या नळ्यांचा मोठा लोंढा अजून यायचा आहे.

कायदा काय म्हणतो? २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी सीएफएल व ट्यूबलाइट यांना घरगुती घातक कचरा ठरवून ओल्या-सुक्यापासून वेगळे काढले आणि त्यासाठी संकलन केंद्रे उभारण्याचे काम नगरपालिका-महापालिकांवर टाकले. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांत पारा असलेले दिवे प्रथम आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत दिवे बनविणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाची पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी आहे. आपण मात्र यातून बरेचसे सुटतो. सूक्ष्म उद्योग या नियमांतून वगळलेले आहेत आणि मोठा वापरदार म्हणजे वर्षात हजार किंवा अधिक नग वापरणारा. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात यासाठी कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. पण रस्त्यावरची इजा देणारी वस्तू बाजूला करणे यात आपल्याकडे सवाब मानला जातो, आणि इथे तर ती वस्तू आपणच रस्त्यावर ठेवीत आहोत.

मग करावे काय? २०२३ मध्ये गोदामाच्या ३८ नळ्या काढायची वेळ आली तेव्हा मी जे केले ते सांगतो. त्यात काही विद्वत्ता नाही.

नवी एलईडी ट्यूब चार फुटी असते, जुनीही चार फुटी. नवी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते त्यातच जुनी घालायची; जुनी जाड असेल व मावत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून कापडाच्या गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यात बांधायची. आडवी ठेवायची, वर वजन नाही, मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी. खोक्यावर मराठीत व उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहायचे: पारा आहे, फोडू नका. इलेक्ट्रिशियनला आधीच बजावायचे की चोक व पट्टी तुझी, पण नळी मोजून माझ्या ताब्यात दे. या एका वाक्याने अर्धे काम होते, कारण नळ्या फुटतात त्या बहुतेक उतरवण्याच्या दिवशी, घाईत.

एकट्या दुकानदाराच्या ३८ नळ्या न्यायला कोणी गाडी पाठवत नाही. म्हणून शेजाऱ्यांशी बोललो. नऊ दुकानदारांचा माल एका गोदामात जमा केला, एका वहीत नावे व नग लिहिले. असेच काम मार्केटच्या असोसिएशनने किंवा यंत्रमागधारकांच्या संघटनेने केले तर ते अधिक सोपे होईल. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत कारखान्यांच्या याद्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतात. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय जळगावला आहे. इथे एक खोच आहे, ती सांभाळावी. ई-कचरा घेणारे अनेक जण संगणक, टीव्ही, मोबाइल आनंदाने घेतात, कारण त्यात तांबे व सोने असते. दिव्यांचे यंत्र सर्वांकडे नसते. परवान्यात पारायुक्त दिव्यांचा उल्लेख आहे का, हे कागद पाहून खात्री करावी आणि माल दिल्यावर नगांच्या आकड्यासह पावती घ्यावी. नाहीतर पैसेही जातील आणि माल पुन्हा कुठल्यातरी वखारीत फुटेल. त्या यंत्रात नळ्या बंद पेटीत फोडतात, आतली हवा गाळून घेतात, काच, ॲल्युमिनियम व पूड वेगळी होते, आणि पूड तापवून तिच्यातला पारा वाफेच्या रूपाने काढून पुन्हा थंड करतात.

याला पैसे पडतात. दिव्यात विकण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून घेणाराच आपल्याकडे मागतो. आमच्या वाट्याला माणशी जे आले ते दुकानाच्या एका दिवसाच्या चहापाण्याहून जास्त नव्हते. वर हिशेब केला ती हजार रुपयांची बचत त्यासमोर ठेवा.

महापालिकेकडेही मागणी लावून धरावी. जळगाव व धुळे या दोन्ही महापालिका २००३ सालच्या. दोघींच्या घंटागाड्या दारोदार फिरतात. आरोग्य विभागाला लेखी अर्ज देऊन आपल्या भागात घातक कचऱ्याचे संकलन कोठे आहे हे विचारावे व पोच घ्यावी. एकाच्या तोंडी तक्रारीने काही होत नाही, पण पन्नास दुकानदारांच्या सहीचा अर्ज टेबलावर पडून राहू शकत नाही, असा माझा अनुभव आहे. तोवर नळी घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये. गाडीवरची माणसे ती हातांनी दाबतात.

फुटलीच तर पंखा बंद, दारे-खिडक्या उघड्या, आणि पंधरा मिनिटे सर्वांनी बाहेर. केरसुणी फिरवू नये, तिने पूड उडते. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच उचलावी, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, मग ओल्या कागदाने जागा पुसावी, आणि हे सर्व झाकणाच्या बरणीत बंद करून नळ्यांच्या खोक्याबरोबर ठेवावे. यंत्रमागवाल्यांनी विशेष जपावे. कारखान्यात हादरे असतात आणि ट्यूबवर कापसाचा तूस बसतो. खाली उघडे सूत असते.

बदलताना दोन गोष्टी राहून जातात, त्याही सांगतो. एलईडी ट्यूब जुन्या पट्टीत बसवताना काहींना चोक-स्टार्टर काढून थेट फेज-न्यूट्रल जोडावे लागते. ते काम जाणकाराकडूनच करावे, आणि अशा पट्टीत पुन्हा कधी जुनी ट्यूब लावू नये. दुसरे, मागावर लावायची एलईडी अगदी स्वस्तातली घेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, आणि फिरत्या यंत्राजवळ असा उजेड डोळ्याला फसवतो.

कापडवाल्यांसाठी एक जादा सूचना. एलईडी आल्यापासून गिऱ्हाईक साडी घेऊन दाराशी उन्हात जाते, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकतो. यात गिऱ्हाइकाची चूक नाही. स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असतो, त्यामुळे मरून आणि शालूचा लाल मळकट दिसतो. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो. कापडाच्या काउंटरवर ९० च्या पुढचा घ्यावा. पांढऱ्या मालाचे वेगळेच आहे. टिनोपालसारखी शुभ्रके अतिनील किरणांवर चमकतात. जुन्या ट्यूबमधून ते थोडे निघत, एलईडीतून जवळपास नाहीत. म्हणून तोच कुर्त्याचा पांढरा तागा आता थोडा पिवळट वाटतो. माल बदललेला नाही, दिवा बदलला आहे, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे आणि दाराशी नेऊन दाखवावे.

आमच्या नऊ जणांच्या वहीत पुढच्या खेपेसाठी नावे लिहिणे सुरू झाले आहे. आतापर्यंत चौदा झाली. त्यात दोन भंगारवालेही आहेत.